मेंदूला बाहेरून उत्तेजन देऊन हाताची बोटं सुटतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगावरून वारं गेल्यावर, म्हणजे पक्षाघात झाल्यावर, पाय बऱ्याचदा लवकर साथ देतो. माणूस काठी टेकत का होईना, घरात फिरायला लागतो. हात मात्र मागे राहतो. आधी खांदा हलतो, मग कोपर, आणि बोटं सगळ्यांत शेवटी, तीही सुटली तर. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. शर्टाचं बटण, पोळीचा घास, सही, निऱ्या या गोष्टी हाताला पुन्हा शिकवणं हेच माझं रोजचं काम. गेल्या काही वर्षांत जवळपास प्रत्येक घरातून एक प्रश्न येतो: "मॅडम, ते डोक्याला मशीन लावतात म्हणे, त्याने हात सुटेल का?" त्या प्रश्नाच्या मागोमाग जे जे विचारलं जातं, ते सगळं इथे एकत्र केलं आहे.

डोक्याला मशीन लावतात म्हणजे नेमकं काय करतात?

कवटी न उघडता, कुठेही सुई न टोचता, बाहेरूनच मेंदूच्या एखाद्या भागाला चालना देतात. हातासाठी मुख्यतः दोन प्रकार वापरले जातात.

पहिला चुंबकाचा, ज्याला टीएमएस म्हणतात. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसणारी एक कॉइल डोक्यावर टेकवतात. दहावीच्या विज्ञानात आपण सगळे विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकलो, तेच तत्त्व इथे आहे. कॉइलमधून क्षणभर मोठा विद्युतप्रवाह जातो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते हाडातून सहज पार होतं आणि खाली मेंदूच्या पेशींत छोटासा प्रवाह निर्माण करतं. त्या क्षेत्राची ताकद एमआरआय यंत्राच्या तोडीची असते, पण एका ठोक्याचा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, आणि परिणाम साधारण दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच. इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये हे पहिल्यांदा करून दाखवलं. त्याआधी, 1980 मध्ये, डोक्याच्या कातडीवरून थेट विजेचा झटका देऊन हात हलवता येतो हे मर्टन आणि मॉर्टन यांनी दाखवलं होतं, पण ते फार दुखायचं. बार्करांच्या पद्धतीत ते दुखणं जवळपास गेलं.

दुसरा प्रकार अगदी सौम्य विजेचा, टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर पट्ट्याने बांधतात आणि एक ते दोन मिलिअँपिअर प्रवाह साधारण वीस मिनिटं सोडतात. याने बोट हलत नाही. पेशी लगेच संदेश सोडत नाहीत, फक्त सोडायला थोड्या जास्त किंवा थोड्या कमी तयार होतात. जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये नित्शे आणि पाउलुस यांनी 2000 मध्ये दाखवलं, की धन बाजूखालच्या भागाची उत्तेजनक्षमता वाढते, ऋण बाजूखाली कमी होते आणि प्रवाह बंद केल्यावरही हा फरक काही काळ टिकतो.

मी घरच्यांना हे विरजणाच्या भाषेत सांगते. दही लावताना आपण दूध कोमट करून घेतो. ते कोमट करणं म्हणजे हे उत्तेजन, आणि विरजण म्हणजे सराव. नुसतं कोमट दूध रात्रभर ठेवलं तर सकाळी दही मिळत नाही.

ही शॉक ट्रीटमेंट आहे का?

नाही. शॉक ट्रीटमेंटमध्ये भूल देऊन, मुद्दाम फिट आणण्यासाठी सुमारे 800 मिलिअँपिअरचा प्रवाह देतात. टीडीसीएसमध्ये तो एक-दोन मिलिअँपिअर असतो. माणूस पूर्ण जागा असतो, गप्पा मारतो, हाताने काम करत असतो.

डोक्यावर नेमकं कुठे लावतात?

हात मेंदूत जिथे आहे तिथे. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, साधारण कानाच्या वरच्या रेषेत माथ्याकडे जाताना, हालचालीची एक आडवी पट्टी असते. तिच्यात हाताचा भाग एमआरआयमध्ये घोड्याच्या उलट्या नालासारख्या उंचवट्याने ओळखता येतो. माँट्रियलचे शल्यचिकित्सक पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेदरम्यान जाग्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विजेचा स्पर्श करून शरीराचा जो नकाशा काढला, त्यात हात आणि चेहरा यांनी बेसुमार जागा व्यापलेली दिसते. पाठीसाठी चिंचोळी पट्टी, आणि एका अंगठ्यासाठी केवढी जागा!

तिथून निघालेले बहुतेक तंतू मेंदूच्या बुडाशी बाजू बदलतात, म्हणून डावा मेंदू उजवा हात चालवतो. बोटांची नाजूक, एकेकटी हालचाल याच तंतूंवर सर्वांत जास्त विसंबलेली असते. खांद्याला आणि पायाला इतर वाटांनीही थोडी मदत मिळते, बोटांना ती फारच कमी. "पाय सुटला, मग हात का नाही?" याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

बाधित बाजूला उत्तेजन देतात की चांगल्या?

दोन्ही पद्धती आहेत. मेंदूच्या दोन अर्ध्या बाजू एकमेकींना थोडं दाबून ठेवतात. एक बाजू जखमी झाली की दुसरी तिला जास्तच दाबते, असा विचार गेली वीस-पंचवीस वर्षं चालत आला आहे. त्यानुसार जखमी बाजूला जलद ठोके देऊन जागवायचं, किंवा निरोगी बाजूला सेकंदाला एक अशा संथ ठोक्यांनी शांत करायचं.

पण हे सगळ्यांना लागू पडत नाही. जखम मोठी असेल, हाताचे तंतू जवळपास सगळेच गेले असतील, तर निरोगी बाजूच जमेल तेवढी मदत करत असते. तिलाच दाबलं तर उरलीसुरली हालचाल कमी व्हायची भीती. म्हणून एमआरआय किंवा सीटी न पाहता, सर्वांना एकच ठरलेला कार्यक्रम लावणाऱ्या ठिकाणी मी माझ्या पेशंटला पाठवत नाही.

मुख्य प्रश्न: गुण येतो का?

यावर मी घाईने हो किंवा नाही म्हणत नाही. थोडं सविस्तर वाचा, कारण पैसा आणि आशा दोन्ही तुमची आहेत.

सुरुवातीचे अभ्यास फार आशा लावणारे होते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हुमेल, कोहेन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये जुना पक्षाघात असलेल्या सहा जणांना टीडीसीएस दिलं. पत्ते उलटणं, बारीक वस्तू उचलणं, चमच्याने बिया उचलून डब्यात टाकणं, डबे उचलणं अशी रोजच्यासारखी कामं ते जास्त लवकर करू लागले. खोट्या उत्तेजनाने, म्हणजे फक्त भासापुरतं यंत्र लावून, तसं झालं नाही. पण माणसं सहा, आणि फायदा थोड्या वेळाचा.

मग 2009 मध्ये राइस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, तो मला आजही सगळ्यांत शिकवणारा वाटतो. निरोगी माणसांना चिमटीत एक सेन्सर दिला. चिमटीचा दाब कमी-जास्त करून पडद्यावरचा ठिपका ठरलेल्या जागांवर न्यायचा, वेगाने आणि अचूक. पाच दिवस सराव, सोबत टीडीसीएस. ज्यांना खरं उत्तेजन मिळालं ते पुढे गेले, आणि तो फायदा मुख्यतः सरावाच्या वेळी दिसला नाही. एका दिवसाचा सराव संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या मधल्या काळात तो साठत गेला. तीन महिन्यांनीही ते पुढेच होते. म्हणजे शिकलेलं मुरवण्यात उत्तेजनाची मदत झाली असावी. पण शिकवलं ते सरावानेच.

आता मोठे अभ्यास. अमेरिकेत अनेक केंद्रांत मिळून 199 पक्षाघाताच्या रुग्णांवर झालेला, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास घ्या. निरोगी बाजूला संथ टीएमएस आणि त्यासोबत हाताची चांगली थेरपी. खरं उत्तेजन मिळालेल्यांपैकी 67 टक्के लोकांत ठरवलेल्या मापाएवढी सुधारणा झाली. खोटं उत्तेजन मिळालेल्यांत? 65 टक्के. काहीच फरक नाही म्हणायचा. टीडीसीएसचंही तसंच. 129 रुग्णांना दोन आठवडे, चांगला हात बांधून करायच्या थेरपीसोबत, दोन किंवा चार मिलिअँपिअर प्रवाह दिला. 2025 मध्ये आलेल्या निष्कर्षांत खोट्या उत्तेजनापेक्षा हाताला जास्त फायदा दिसला नाही. सुरक्षित मात्र ठरलं.

दुसऱ्या बाजूने, युरोपीय तज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शक आढाव्यात पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत निरोगी बाजूला संथ टीएमएस देण्याला हातासाठी सर्वांत वरची पुराव्याची श्रेणी दिली आहे. म्हणजे तज्ज्ञांतही एकमत नाही, आणि हे मतभेद प्रामाणिक आहेत.

माझं मत असं: योग्य माणूस, योग्य वेळ, आणि सोबत भरपूर हातकाम असेल तर काहींना यातून थोडी जास्तीची मदत मिळते. चमत्कार कोणाला मिळत नाही. आणि त्या 67 आणि 65 टक्क्यांकडे पुन्हा एकदा बघा. दोन्हीकडे तीनपैकी जवळजवळ दोघं सुधारले. त्यांच्यात समान गोष्ट एकच होती, थेरपिस्टसोबत नेमाने केलेलं हाताचं काम.

खोटं उत्तेजन म्हणजे फसवणूक नाही का?

नाही, आणि सहभागी होणाऱ्यांना आधी सांगितलेलं असतं, की तुम्हाला खरं मिळेल किंवा खोटं. टीडीसीएसमध्ये सुरुवातीला अर्धा मिनिट प्रवाह देऊन हळूच बंद करतात. डोक्याला चुणचुण होते, माणसाला वाटतं चालू आहे. हे केल्याशिवाय "मशीन लावलं म्हणून बरं वाटलं" आणि "मशीनने बरं झालं" यांतला फरक कळणारच नाही.

शेजारच्यांना गुण आला, आम्हाला का नाही?

प्रत्येकाची कवटी, जखम आणि मेंदूची घडी वेगळी. निरोगी माणसांवरच्या अभ्यासांतही अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद देणारे साधारण निम्मेच निघतात. डोक्यावर सोडलेल्या प्रवाहातला मोठा भाग तर कातडी आणि हाडातच अडतो. मृतदेहांवर प्रत्यक्ष मोजून केलेल्या 2018 च्या एका अभ्यासात तो सुमारे 75 टक्के आढळला. फिट्सच्या, झोपेच्या, मनाच्या आजारांच्या काही गोळ्यांनीही परिणाम बदलतो. म्हणून गोळ्यांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवा, पण एकही गोळी स्वतःहून बंद करू नका.

आमचा हात सुटेल की नाही हे आधी कळू शकतं का?

बऱ्यापैकी कळू शकतं, आणि माझ्या मते टीएमएसचा हातासाठी सगळ्यांत भरवशाचा उपयोग उपचारापेक्षा याच तपासणीत आहे. त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या कॅथी स्टिनिअर आणि सहकाऱ्यांनी याची एक पद्धत बसवली आहे. पक्षाघातानंतर तीन दिवसांच्या आत दोन हालचाली पाहायच्या. खांद्यातून हात बाजूला उचलणं आणि बोटं सरळ करणं. प्रत्येकीला पाचपैकी गुण. बेरीज पाच किंवा जास्त असेल तर हात चांगला परतण्याची शक्यता मोठी, वयाचा थोडा विचार करावा लागतो एवढंच. बेरीज पाचच्या खाली असेल तर आठवड्याच्या आत टीएमएसचा ठोका देऊन बघतात. डोक्यावर टक् झालं आणि हाताच्या स्नायूवर लावलेल्या इलेक्ट्रोडला संदेश मिळाला, तर तंतूंची वाट शाबूत आहे. मग आज हात निर्जीव दिसत असला तरी त्याच्यावर जीव तोडून काम करायला अर्थ आहे.

पहिल्यांदा हे पाहणाऱ्या नातेवाइकांचा चेहरा मी विसरत नाही. मांडीवर पडलेला हात, आठवडाभरात एकही बोट न हललेलं, कॉइल टक् करते आणि अंगठा आत उडी मारतो. एका मुलाने वडिलांचा अंगठा लगेच धरून पाहिला. मी त्याला सांगितलं, "हे बाबांनी हलवलं नाही, मशीनने हलवलं. पण तार जोडलेली आहे." त्या मुलाने त्यानंतर एक दिवसही व्यायाम चुकू दिला नाही.

सिटिंगमध्ये काय काय होतं?

टीएमएससाठी खुर्चीत बसवतात, कानात बोळे देतात (ते द्यायलाच हवेत, आवाज मोठा असतो). आधी अंगठा हलणारी नेमकी जागा शोधतात आणि किती ताकदीला तो हलतो ते मोजतात, त्यावरून तुमचा डोस ठरतो. हा भाग न करता थेट मशीन चालू करत असतील तर विचारा. संथ पद्धतीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. नवीन थीटा-बर्स्ट पद्धतीत (ठोके झुबक्यांनी देतात ती) 600 ठोके साधारण तीन मिनिटांत होतात. टीडीसीएसमध्ये स्पंज बांधून वीस मिनिटं, आणि त्याच वीस मिनिटांत हाताचं काम चालू. टीएमएस असेल तर उठल्या उठल्या लगेच हातकामाला बसायचं. दूध गार व्हायच्या आत विरजण लावायचं.

नुसत्या सिटिंग घेतल्या, व्यायाम नंतर केला तर?

तर पैसे वाया जाण्याची शक्यता फार मोठी.

माझ्याकडे एक शिंपीकाम करणारे गृहस्थ आले. उजवा हात. सोबत जाड फाइल आणि वीस सिटिंगच्या पॅकेजची पावती. रोज रिक्षाने जायचे, खुर्चीत बसायचे, मशीन लागायचं, घरी यायचे. वीस दिवसांत कोणी त्यांच्या हातात एक वस्तू दिली नव्हती. वीस दिवस! तेही तिसऱ्या महिन्यात, जेव्हा मेंदू सर्वांत जास्त शिकायला तयार असतो. मला त्या दिवशी राग आवरेना, आणि आजही ती पावती आठवली की येतो. त्या माणसाच्या बोटांना थोडी उघडझाप होती. कापडावर खूण करायचा चपटा खडू मी त्यांच्या चिमटीत दिला, मनगटाखाली घडी केलेला टॉवेल ठेवला आणि म्हटलं, काका, एक रेघ मारा. चार बोटं लांबीची रेघ, वाकडी, दोनदा तुटलेली. त्यांनी ती पुसू दिली नाही. पुढे रोज शंभर रेघा. चार महिन्यांनी ते मशीनवर सरळ शिवण घालत होते. काजं मात्र अजून मुलगा करतो.

मग सराव किती, आणि कोणता?

आपण समजतो त्यापेक्षा खूप जास्त. अमेरिकेतल्या लँग आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये पुनर्वसन केंद्रांत बसून प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा एका थेरपीच्या वेळेत हाताच्या उपयुक्त हालचाली सरासरी 32 भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदू बदलायला शेकड्यांनी आवृत्त्या लागतात. तुम्ही स्वतः मोजा, आकडा पाहून धक्का बसेल.

चांगला हात मिटनमध्ये (बोटं न सुटणाऱ्या जाड हातमोज्यात) घालून बाधित हाताला कामाला लावायची पद्धत एडवर्ड टाऊब यांच्या प्रयोगांतून आली. 222 रुग्णांच्या 2006 मधल्या अभ्यासात तिचा फायदा स्पष्ट दिसला. पण त्यासाठी मनगट आणि बोटं थोडी तरी उघडायला हवीत. अजिबात न उघडणाऱ्या हातावर ही सक्ती करू नका, माणूस खचतो.

घरातल्या वस्तूंएवढं चांगलं साहित्य मी दुसरं पाहिलं नाही. डाळी-कडधान्यं घ्या. आधी राजमा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत, एकेक दाणा, अंगठा आणि तर्जनीने. तो जमला की हरभरा, मग मूग. मोहरीपर्यंत पोचणारा हात म्हणजे चांगलाच परतलेला हात. मटार सोलणं, शेंगा फोडणं, पत्ते वाटणं, गल्ल्यात नाणी टाकणं, कपड्यांना चिमटे लावणं. वाती वळणं तर बोटांसाठी उत्तम, कारण त्यात तळव्याला कापसाचा स्पर्श कळावा लागतो आणि दाब सतत बदलावा लागतो. ज्या आजींनी आयुष्यभर वाती वळल्या त्यांच्या हाताला ते आतून आठवतं. ज्यांनी कधी वळल्या नाहीत त्या बाबांना मी रेडिओचे स्क्रू देते. आवडीचं काम असलं की माणूस मोजत बसत नाही, दीडशे आवृत्त्या सहज होतात.

हातकामाला उपचार म्हणून मान देणारी ही विद्या आपल्या देशात मुंबईतूनच सुरू झाली. कमला निंबकर यांनी 1950 मध्ये केईएम रुग्णालयात भारतातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय उभं केलं. जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकरांच्या घरच्या. मला हे सांगायला नेहमी अभिमान वाटतो.

एक गोष्ट मात्र सांभाळा. हाताला जडपणा आहे म्हणून स्पंजचा चेंडू दिवसभर दाबत बसू नका. बहुतेकांची मूठ आधीच घट्ट मिटलेली असते. त्यांना उघडायला शिकायचं असतं. वस्तू पकडण्यापेक्षा सोडण्याचा सराव जास्त करा.

त्रास काय होतो?

टीडीसीएसने चुणचुण, खाज, कातडी लाल होणं. स्पंज सुकला किंवा नीट टेकला नाही तर भाजू शकतं, म्हणून मधे मधे ओला करायचा आणि जखम असलेल्या कातडीवर लावायचा नाही. टीएमएसने डोकं दुखू शकतं, टाळूला टिचक्या मारल्यासारखं वाटतं. फिट येण्याचा धोका असतो, तो फार क्वचित, पण असतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीत आणि फिट आली तर सांभाळायची सोय असलेल्या जागीच करावं.

कोणी करूच नये?

डोक्यात धातूची क्लिप, तुकडा किंवा यंत्र असलेल्यांनी आणि कानात कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्यांनी टीएमएस टाळावं. पेसमेकर, मेंदूतलं पाणी काढायची नळी, पूर्वी फिट्स, गरोदरपण, कवटीचं हाड काढलेलं असणं यांपैकी काहीही असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्टशी बोला. दातातली चांदी चालते. "विचारायचं राहिलं" असं होऊ नये म्हणून घरीच कागदावर लिहून न्या.

ऑनलाइन मशीन मिळतं. घरीच केलं तर?

कृपया नको. नऊ व्होल्टची बॅटरी आणि वायर जोडून प्रयोग करणाऱ्यांचे व्हिडिओ आहेत, ते पाहून तर मुळीच नको. स्पंज दोन सेंटिमीटर सरकला तर प्रवाहाची वाट बदलते. धन-ऋण टोकं उलटी लागली तर ज्या भागाला जागवायचं त्यालाच निजवाल. 2013 च्या एका अभ्यासात मेंदूच्या एका भागाला उत्तेजन दिल्यावर एक कौशल्य वाढलं आणि दुसरं मंदावलं, हेही दिसलं आहे. या विषयातल्या संशोधकांनीच 2016 मध्ये खुलं पत्र लिहून घरगुती प्रयोग करणाऱ्यांना सावध केलं. थेरपिस्टने बसवून दिलेलं, डोस बंदिस्त असलेलं यंत्र देखरेखीत घरी वापरणं ही गोष्ट वेगळी.

माझा मुलगा तबला शिकतो. बोटं जलद व्हायला उपयोग होईल का?

हा प्रश्न मला दोनदा आला आहे, आणि उत्तर देताना पियानोवादकांवरचा एक अभ्यास उपयोगी पडतो. फुरुया आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये कसलेले पियानोवादक आणि संगीत न शिकलेली माणसं, दोघांनाही उत्तेजन दिलं. न शिकलेल्यांच्या बोटांची सफाई वाढली. वादकांची वाढली नाही. वर्षानुवर्षांच्या रियाजाने त्यांचा मेंदू आधीच तिथे पोचलेला होता. मुलाला रियाजच करू द्या.

वेगळी गोष्ट आहे ती बोटं आपोआप मुडपण्याच्या आजाराची. वर्षानुवर्षं वाजवणाऱ्या काहींची एक-दोन बोटं वाद्यावर ठेवली की आत वळतात, एरवी नीट असतात. लिहिणाऱ्यांतही असं होतं, फक्त पेन धरल्यावर. या डिस्टोनियात दोन्ही हातांच्या सरावासोबत टीडीसीएस दिल्यावर पियानोवादकांच्या बोटांवर ताबा सुधारल्याचं त्याच वर्षी दिसलं. इथे आशा आहे, आणि असा त्रास असलेल्या वादकांनी तो लपवू नये. न्यूरॉलॉजिस्टला वाद्यासकट दाखवा. नुसता हात पाहून काही दिसत नाही.

लहान मुलांना चालतं का?

जन्माच्या सुमारास झालेल्या पक्षाघाताने एक हात कमी वापरणाऱ्या 45 मुलांवर कॅनडातल्या कॅलगरीमध्ये अभ्यास झाला. टीएमएस, चांगला हात बांधायची पद्धत किंवा दोन्ही जोडल्यावर चांगल्या सुधारणेची शक्यता दुप्पट झाली. टीडीसीएसच्या पुढच्या अभ्यासात तेवढं स्पष्ट यश नव्हतं. मुलांच्या बाबतीत अनुभवी केंद्राशिवाय जाऊ नका, आणि खेळ हाच व्यायाम ठेवा.

मानेतल्या नसेला यंत्र लावतात, ते हेच का?

ते वेगळं. त्यात शस्त्रक्रिया करून छातीत यंत्र बसवतात आणि थेरपिस्ट हालचालीच्या क्षणी व्हेगस नस उत्तेजित करतो. 108 रुग्णांच्या अभ्यासानंतर अमेरिकेने 2021 मध्ये पक्षाघाताच्या हातासाठी त्याला मान्यता दिली. तिथेही दर उत्तेजनासोबत एक हालचाल हवीच.

दीड वर्ष झालं. आता उशीर झाला का?

पहिले तीन महिने सोन्याचे असतात हे खरं, आणि ते वाया घालवू नयेत. पण दार बंद होत नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये तीन आठवड्यांत 90 तास हाताची थेरपी देतात. 224 जणांचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. त्यांच्यातल्या निम्म्यांना पक्षाघात होऊन दीड वर्षाहून जास्त झालं होतं. ते सुधारले आणि सहा महिन्यांनीही सुधारणा टिकली. तिथे डोक्याला लावायचं मशीन नव्हतं. वेळ होता आणि नेट होता.

पॅकेज घेण्याआधी काय विचारावं?

हातकाम कोण घेणार आणि रोज किती वेळ? एमआरआय कोण पाहणार? डोस माझ्यासाठी मोजणार का? पाच-सहा सिटिंगनंतर फरक नसेल तर थांबू आणि उरलेले पैसे परत देणार का? सुधारणा कशाने मोजणार? "मोजायचं काय त्यात, दिसेलच की" असं उत्तर मिळालं तर चप्पल घालून बाहेर या.

सुधारणा घरी कशी मोजायची?

आमच्याकडे नऊ भोकांची पाटी असते. नऊ खुंट्या एकेक करून भोकात घालायच्या, एकेक काढायच्या. निरोगी हाताला वीसेक सेकंद लागतात. घरी वीस राजमे आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. दर रविवारी त्याच वेळी, त्याच टेबलावर, तीनदा करा आणि मधला आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. महिन्यातून एकदा व्हिडिओ काढा. रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, व्हिडिओत दिसतो.

सातारकडच्या एका काकूंच्या कॅलेंडरचा फोटो मी जपून ठेवला आहे. त्यांना खुंट्यांमध्ये रस नव्हता. "मला कळ्या पाडायच्यात" एवढंच त्या म्हणायच्या, उकडीच्या मोदकाच्या. म्हणून आम्ही कळ्याच मोजल्या. रोज एक पातळ कणकेची पारी, डाव्या तळव्यावर, आणि उजव्या हाताच्या चिमटीने कळ्या. वैशाखाच्या चौकोनांत शून्य, शून्य, एक, शून्य, एक. टीडीसीएसच्या दहा सिटिंग झाल्या तो पंधरवडा त्यांच्या सुनेने लाल शाईने रंगवलाय. तिथे दोन आणि तीन दिसतात, पण नंतरच्या साध्या दिवसांतही आकडा तसाच सरकत राहिला आहे. चतुर्थीच्या चौकोनात सात लिहिलंय, आणि बाजूला त्यांच्याच हातचं, थरथरत्या अक्षरातलं, "एक फाटला".